भरणीची ‘मरणी’ कशी होते?



नव्या इंग्रजी वर्षाच्या तोंडावर लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबाद भागात ओळखीच्या दुकानात गेलात, तर मालाच्या पिशवीबरोबर कागदाची एक सुरळीही हाती पडते. घरी येऊन ती उलगडली की वर लक्ष्मी, गणपती, विठ्ठल-रखुमाई, माहूरची रेणुका, भगवान बुद्ध नाहीतर गुरू गोविंदसिंग. त्याखाली ठसठशीत अक्षरांत दुकानाचे नाव. आणि अगदी खाली तारखांचे चौकोन. हे कॅलेंडर खिळ्याला लागते ते वर्षभर तेथेच राहते. पाठ्यपुस्तक आपण मिटून ठेवतो, वर्तमानपत्र रद्दीत जाते, पण हा कागद घरातली सगळी माणसे रोज पाहतात.

त्यातल्या चौकोनांत बारीक अक्षरांत तिथी आणि नक्षत्र छापलेले असते. भाद्रपदातल्या एखाद्या चौकोनात ‘भरणी’ असे असते. ते चार हातांवरून वाचून पाहा. पुष्कळांना ‘मरणी’ दिसेल. पौषात-माघात ‘मघा’ आणि ‘मधा’ यांत फरक करता येतो का, ‘धनिष्ठा’ची ‘घनिष्ठा’ होते का, तेही पाहा. हा दोष डोळ्यांचा, शाईचा, कागदाचा की अक्षराचा? उत्तर शोधायचे तर त्या कागदाकडे आधी भिंगातून पाहायला हवे.

भिंगाखाली लक्ष्मी

शाळेच्या प्रयोगशाळेतले भिंग आणा. ते नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तो तुकडा, थेंब न सांडता, कॅलेंडराच्या अगदी जवळ धरा. थेंबाचे भिंग होते. आता लक्ष्मीच्या लाल शालूकडे पाहा.

लाल रंग तेथे नाहीच! गुलाबी आणि पिवळे ठिपके शेजारी-शेजारी, काही एकमेकांवर चढलेले. हिरव्या काठात निळे आणि पिवळे ठिपके. देवीच्या गालावर पिवळे व गुलाबी ठिपके बारीक आणि विरळ, मधून पांढरा कागद डोकावतो. सबंध चित्रात शाया फक्त चार: सायन म्हणजे हिरवट निळी, मॅजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी, पिवळी आणि काळी. छापखान्यात फिकी गुलाबी शाई वेगळी नसते. मॅजेंटाचाच ठिपका लहान केला की भोवतीचा पांढरा कागद जास्त दिसतो आणि आपल्याला रंग फिका वाटतो. ठिपका मोठा केला की रंग गडद.

मग हे ठिपके आपल्याला एरवी का दिसत नाहीत? येथे थोडे गणित करू. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायचे तर त्यांनी डोळ्याशी निदान एक मिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा, कोन करायला हवा. चांगल्या कॅलेंडराच्या चित्रात एका इंचात सुमारे १५० ठिपक्यांच्या ओळी असतात. म्हणजे दोन ओळींतले अंतर ०.१७ मि.मी. एवढे अंतर एक मिनिटाचा कोन करते तेव्हा कागद डोळ्यांपासून सुमारे ६० से.मी. दूर असतो. त्यापलीकडे गेलात की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि शालू लाल होतो. कॅलेंडर भिंतीवर असते आणि आपण त्याच्यापासून एका हातापेक्षा दूरच असतो, म्हणून हा सगळा खेळ साधतो.

ठिपक्यांच्या ओळी आडव्या-उभ्या नसून तिरप्या असतात, हेही भिंगातून दिसेल. प्रघात असा की काळ्या ठिपक्यांची जाळी ४५ अंशांत, सायनची १५ अंशांत, मॅजेंटाची ७५ अंशांत आणि पिवळ्याची सरळ. सगळ्या जाळ्या एकाच कोनात ठेवल्या आणि एखादी किंचित सरकली, तर चित्रभर लाटांसारखे पट्टे उमटतात. मच्छरदाणीच्या दोन पदरांमधून दिव्याकडे पाहा, तसेच पट्टे दिसतील. तीन ठळक रंगांमध्ये तीस-तीस अंशांचे अंतर ठेवले की हे पट्टे डोळ्यांना जाणवत नाहीत. पिवळा मुळातच फिका, त्याचे पट्टे कोणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून त्याला पंधरा अंशांवर भागवतात.

या ठिपक्यांच्या छपाईवर मूलभूत विचार करणारा एक भारतीय होता, आणि तो मुलांचा लेखकही होता, हे तुम्हाला आवडेल. कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५). त्यांनी जाळीच्या आकाराचे आणि कोनाचे गणित मांडून इंग्लंडमधल्या मुद्रणविषयक वार्षिकांत लेख लिहिले, आणि १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय हे त्यांचे नातू.

देव घरोघरी आले ते दगडावरून

ठिपक्यांची यांत्रिक जाळी रुळण्याआधी रंगीत देव छापले जात ते दगडावर. १७९६ च्या सुमारास जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर याने शोधून काढले की बव्हेरियातल्या विशिष्ट चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढले आणि शिळा ओली केली, तर तेलकट शाई चित्रावर चिकटते, ओल्या भागावर चिकटत नाही. तेल आणि पाणी मिसळत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर हे शिळामुद्रण उभे आहे. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात असा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका चित्राला चार नव्हे, त्याहून कितीतरी जास्त शिळा लागत. प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. राजवाड्यांच्या भिंतींवर शोभणाऱ्या लक्ष्मी आणि सरस्वती तेथून साध्या घरांत आल्या.

आजची ऑफसेट छपाई म्हणजे त्याच तेल-पाण्याच्या तत्त्वाचा पुढचा अवतार आहे. शिळेच्या जागी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आला, आणि पत्र्यावरची शाई आधी रबराच्या पट्ट्यावर व तेथून कागदावर उतरू लागली.

कॅलेंडरांची चित्रे काढणाऱ्यांत आपल्या भागाला जवळचे नाव म्हणजे एस. एम. पंडित (१९१६–१९९३). ते गुलबर्ग्याचे, म्हणजे आजच्या कलबुर्गीचे. नांदेड, लातूर आणि गुलबर्गा ही तेव्हा एकाच हैदराबाद संस्थानात होती. त्यांच्या चित्रांतले देव बलदंड, पैलवानी बांध्याचे. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) मूळचे गोव्याचे. त्यांचे देव मऊ आणि गोड. माझे मत विचाराल तर भिंतीवर पंडितांचे चित्र अधिक टिकते, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना मुळगावकरांचाच देव देवासारखा वाटतो, आणि त्यात काही चूक नाही. गुरुद्वाऱ्याच्या नांदेडात सोभासिंग (१९०१–१९८६) यांनी काढलेल्या गुरू नानकदेवांच्या चित्राच्या प्रती अनेकांनी पाहिल्या असतील. ते चित्र १९६९ मध्ये नानकदेवांच्या पाचशेव्या जयंतीला काढलेले आहे.

कागद फुगतो

आता कॅलेंडराचा खालचा काठ पाहा. तेथे बारीक अक्षरांत कधीकधी गावाचे नाव असते आणि ते बहुधा तमिळनाडूतल्या शिवकाशीचे असते. फटाके, काडेपेट्या आणि छपाई हे तिथले तीन धंदे. काडेपेट्यांची लेबले छापता छापता छापखाने वाढले. पण तेथील कोरड्या हवेचाही या धंद्याला मोठा हातभार आहे.

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचा थर. हवेत दमटपणा वाढला की तंतू पाणी शोषून जाड होतात, लांबीला मात्र फारसे वाढत नाहीत. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला लागतात, म्हणून कागद एका बाजूने जास्त फुगतो आणि दुसऱ्या बाजूने कमी. प्रयोग सोपा आहे: कागदाचा चौरस तुकडा कापा, एकाच बाजूला ओले बोट फिरवा. तुकडा सुरळीसारखा वळेल. त्या सुरळीचा अक्ष ज्या दिशेला, त्याच दिशेला तंतू.

आता असे समजा की ५० से.मी. रुंदीचा कागद एका टक्क्याचा फक्त दहावा भाग फुगला. म्हणजे अर्धा मि.मी. पिवळी शाई सकाळी लागली, मॅजेंटा दुपारी, आणि मधल्या वेळात पावसाची सर आली, तर कागदाच्या टोकाला गुलाबी ठिपका पिवळ्यापासून अर्धा मि.मी. सरकला. ठिपक्यांच्या ओळींतले अंतर ०.१७ मि.मी. होते, आठवते ना? म्हणजे तीन ओळींचा फरक. देवीचे ओठ हनुवटीकडे सरकलेले, मुकुटाला गुलाबी सावली असलेले एखादे कॅलेंडर तुम्ही पाहिले असेलच. चारही शाया एका दमात लावणाऱ्या यंत्रांनी हा घोटाळा पुष्कळ कमी केला, पण संपवला नाही. कागदाच्या कोपऱ्यात अधिकचे चिन्ह किंवा रंगीत चौकटी कापायच्या राहून गेल्या असतील तर भिंगातून पाहा. छापणारा त्यांवरूनच शाया जुळवतो.

दुकानाचे नाव मात्र बहुधा शिवकाशीत छापलेले नसते. चित्र आणि तारखा छापलेले, मधली पट्टी कोरी असलेले कॅलेंडर इकडे येते आणि नांदेडचा किंवा लातूरचा छापखानदार त्या पट्टीत स्क्रीन-प्रिंटिंगने वा छोट्या ऑफसेटवर नाव उमटवतो. भिंग नावावर धरले की ठिपके गायब! एकसंध, भरीव शाई दिसते, आणि कधीकधी नाव किंचित तिरपेही. एका कागदावर दोन गावांचे दोन छापखाने असे भेटतात.

अक्षराची फट

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्र ठिपक्यांवर भागते, कारण गाल जरासा इकडे-तिकडे झाला तरी तो गालच राहतो. अक्षराचे तसे नाही. ‘भ’ आणि ‘म’ यांत, ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक कशाचा? वरच्या शिरोरेघेत डावीकडे असलेल्या एका फटीचा, आणि तिच्याजवळच्या छोट्या गाठीचा. फट बुजली की भरणीची मरणी झाली, धनिष्ठेची घनिष्ठा झाली आणि भाद्रपदाचा ‘माद्रपद’ झाला.

ही फट किती मोठी? अनेक कॅलेंडरांत तिथीच्या अक्षराची, शिरोरेघेपासून खालच्या टोकापर्यंतची, उंची जेमतेम २ मि.मी. भरते. फट तिच्या दहाव्या भागाइतकी धरली तर ०.२ मि.मी. समजा ही तिथी शोभेसाठी तपकिरी रंगात छापली आहे. तपकिरी रंगाला मॅजेंटा, पिवळी आणि सायन किंवा काळी अशा शाया लागतात. एक शाई ०.१ मि.मी. डावीकडे आणि दुसरी तेवढीच उजवीकडे सरकली, की फट संपली. गडद रंगावर पांढरी अक्षरे ठेवली तर आणखी पंचाईत: शाई कागदावर थोडी फाकतेच, आणि चारी बाजूंनी फाकणारी शाई पांढऱ्या अक्षराला गिळते. पहिल्यांदा जातो अनुस्वार, मग रफार. म्हणून जाणता छापणारा बारीक मजकूर एकाच, काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर ठेवतो.

पण समजा छपाई अगदी निर्दोष आहे. तरी ०.२ मि.मी.ची फट एक मिनिटाचा कोन करते ती सुमारे ६९ से.मी. अंतरावर. त्याहून दूर उभे राहिलात तर उत्तम दृष्टीच्या माणसालाही ती फट दिसत नाही. आपण ‘भरणी’ वाचतो ते सवयीने, अंदाजाने.

आता तुमच्या आजीचा विचार करा. डॉक्टरांनी तिची दृष्टी ६/१८ सांगितली आहे असे समजू. म्हणजे निरोगी डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसते त्यासाठी तिला ६ मीटरवर यावे लागते. तिला फट दिसायला अंतर हवे ६९ से.मी.च्या एक तृतीयांश, २३ से.मी. ती कॅलेंडराला नाक लावायला जाते. पण उतारवयात डोळ्याच्या भिंगाची लवचीकता गेलेली असते आणि २३ से.मी. वरचा मजकूर चष्म्याशिवाय धूसर होतो. दूर जावे तर अक्षर लहान, जवळ जावे तर अक्षर धूसर. मग ती तुम्हाला हाक मारते, “अरे, संकष्टी कधी आहे बघ रे.” आजीला वाचता येत नाही म्हणून ती विचारत नाही, हे लक्षात घ्या.

आणि त्याच कागदावर दुकानाचे नाव ३ से.मी. उंचीच्या अक्षरांत असते. डोळे तपासण्याच्या तक्त्याचा नियम असा की अक्षराची सबंध उंची पाच मिनिटांचा कोन करील इतक्या अंतरावरून ते वाचता यावे. हा नियम डच डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये घातला. त्या हिशेबाने नाव २० मीटरवरून वाचता येते. घराची सर्वांत लांब भिंतसुद्धा एवढी दूर नसते!

एका चौकोनात किती कालगणना?

तिथी इतकी बारीक का छापतात, हे छापणाऱ्याच्या बाजूने पाहू. ५० से.मी. उंचीचा कागद घ्या. २८ से.मी. देवाचे चित्र, ७ से.मी. दुकानाची पट्टी, राहिले १५. त्यातून वारांची ओळ दीड से.मी. बाकी साडेतेरा से.मी.त आठवड्यांच्या पाच ओळी. (सहावी ओळ लागणाऱ्या महिन्यात ३० आणि ३१ तारखा वरच्या चौकोनांत दाटीने बसवतात, हे तुम्ही पाहिले असेल.) एका चौकोनाला उंची मिळाली २.७ से.मी. त्यात आकडा दीड से.मी., रेघा आणि मोकळी जागा ४ मि.मी.; तिथी आणि नक्षत्र अशा दोन ओळींना उरले ८ मि.मी. ओळीला चार.

येथे आपल्या लिपीचा स्वभाव आडवा येतो. रोमन मोठी अक्षरे दोन रेघांत बसतात. देवनागरीला मजले तीन: शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार. चार मि.मी.ची ओळ, म्हणजे जुळाऱ्याच्या मापात सुमारे ११ पॉइंट. तिच्यात मधल्या मजल्याला अर्धीच जागा मिळते. आपले २ मि.मी. येथून आले. शिशाच्या खिळ्यांच्या काळात मुंबईच्या टाइप फाउंड्र्यांनी मात्रा वेगळ्या पाडून अक्षराच्या खांद्यावर बसवण्याच्या युक्त्या काढल्या; या सगळ्या खटपटीचा अभ्यास बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या ग्रंथात आहे. तुमच्या शिक्षकांनी तो जरूर मिळवावा.

शिवाय मजकूर थोडा नसतो. इंग्रजी तारीख, तिथी, नक्षत्र, २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय शक कालगणनेची तारीख, हिजरी महिन्याची तारीख. मराठवाड्यात याहून एक जास्त होती. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनाने चालत. जमिनीच्या जुन्या कागदावर १३५० फसली असे दिसले तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन १९४० च्या आसपास याल. आता कॅलेंडरावर फसली छापायची गरज उरली नाही, तेवढीच जागा वाचली.

पण बारीक मजकुरातला एक भाग नांदेडकरांना मुंबईकरांपेक्षा जास्त लागतो. संकष्टीला चंद्रोदयाची ठळक वेळ बहुधा मुंबईची असते. नांदेड मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेचार अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे नांदेडला चंद्र सुमारे १८ मिनिटे आधी उगवतो, लातूरला सुमारे १५. ज्या दिनदर्शिका गावोगावच्या वेळा देतात त्या तक्त्यात त्या देतात, आणि तो तक्ता कागदावरच्या सर्वांत लहान अक्षरांत असतो. उपास करणारे माणूस पाव तास जास्त ताटकळते ते अशाने.

शेजारच्या लिप्या

नांदेड-लातूरच्या भिंतींवर एकटी देवनागरी नाही. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी आहे. तिलाही शिरोरेघ असते. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू आणि उदगीर, निलंगा, देवणीकडे कन्नड. या दोन्ही लिप्या गोलाकार, सलग शिरोरेघ नसलेल्या; ताडपत्रावर लोखंडी लेखणीने लांब आडवी रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून अक्षरे गोल झाली असे सांगतात. आणि उर्दू तर सगळीकडे. मुस्लिम घरातल्या कॅलेंडरावर काबा किंवा मदिनेची मशीद असते, आणि पुष्कळदा अक्षर हेच चित्र असते. उर्दूची नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे उतरत जाते, एकच अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. खिळ्यांना हे जमेना, म्हणून उर्दू मजकूर कातिब हाताने लिहीत आणि तो शिळाछापावर छापला जाई. १९८१ च्या सुमारास ‘नूरी नस्तालीक’ आली. तिच्यात हजारो जोडआकृत्या संगणकात साठवून हा प्रश्न सोडवला गेला.

मराठीचीही संगणकावर सुरुवातीला गैरसोय झाली. डीटीपीच्या पहिल्या काळात प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या सांकेतिक जागा वापरी; एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्यात नेला की अगम्य चिन्हे उमटत. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक दिला, तेव्हा हळूहळू वाट मोकळी झाली. तरीही ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट आहे का, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे कॅलेंडरात पाहा. जुळणी करणाऱ्याला मराठी येत होते की नाही ते तेवढ्यावरून कळते.

निळे पडलेले देव

स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर दोन वर्षे राहिलेले जुने चित्र पाहिले आहे? सगळे देव निळसर झालेले असतात. आपल्याकडचे ऊन कडक. नेहमीच्या छपाईतल्या पिवळ्या आणि मॅजेंटा शायांचे रंगद्रव्य प्रकाशाने लवकर तुटते. सायन चिवट असते, आणि काळी शाई म्हणजे काजळीच, ती उडत नाही. लाल रंग मॅजेंटा आणि पिवळ्यापासून होतो, म्हणून तो सर्वांत आधी जातो, आणि सुट्ट्यांच्या तारखा नेमक्या लाल असतात. रविवार एका रांगेत असतो म्हणून ओळखता येतो. सणाच्या सुट्ट्या मात्र विखुरलेल्या. रंग उडाला की त्या नाहीशा. ज्यांना जन्मतः लाल रंग काळपट दिसतो अशी थोडी माणसे, त्यांत बहुतेक पुरुष, प्रत्येक गावात असतात. त्यांना त्या सुट्ट्या पहिल्या दिवसापासूनच वेगळ्या दिसत नाहीत. सुट्टीच्या आकड्याभोवती एक वर्तुळ काढले तर दोन्ही अडचणी मिटतात, आणि शाई फारशी लागत नाही.

वर्गात करून पाहा

प्रत्येकाने घरच्या कॅलेंडरातल्या तिथीच्या अक्षराची उंची पट्टीने मोजावी. मग ‘भरणी’, ‘मघा’, ‘धनिष्ठा’, ‘मरणी’, ‘मधा’, ‘घनिष्ठा’ हे शब्द त्याच उंचीत, काळ्या शाईने, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उतरवावेत. एकाने चिठ्ठी धरावी, दुसऱ्याने दुरून हळूहळू पुढे यावे आणि नीट ओळखता येईल तेथे थांबावे. ते अंतर लिहून ठेवा. खरे-खोटे शब्द मिसळलेले असल्याने अंदाजाने वाचता येणार नाही. हाच प्रयोग घरी साठीच्या पुढच्या माणसांबरोबर, आधी चष्म्यासह आणि मग चष्म्याशिवाय करा. संध्याकाळी दिवा लावण्याआधी पुन्हा करा; आकडे किती बदलतात ते पाहा.

अक्षर आखणाऱ्यांसाठीही एक काम आहे. आलेखाच्या कागदावर ‘भ’ काढा आणि त्याची फट दुप्पट करा. अक्षर जवळून थोडे बेढब वाटेल, दुरून मात्र लवकर ओळखू येईल. बारीक आकारासाठी अक्षराची अशी वेगळी आखणी करणे ही टाइपकारांची जुनी रीत आहे.

मोजमापे हाती आली की जवळच्या दुकानदाराला दाखवा. पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरांची मागणी बहुधा दिवाळीआधीच नोंदवली जाते, तेव्हा त्यापूर्वी जा. मोठी मागणी असली तर सबंध कॅलेंडर हवे तसे आखून घेता येते. हिशेब असा मांडा: नावाची पट्टी ७ ऐवजी ४ से.मी. केली तर तारखांना ३ से.मी. जास्त मिळतात, चौकोनामागे ६ मि.मी. आकडा दीड से.मी.ऐवजी १.२ केला की आणखी ३ मि.मी. तिथी-नक्षत्राच्या दोन ओळींना ८ ऐवजी १७ मि.मी. झाले, म्हणजे अक्षर २ वरून ४.२ मि.मी. वर गेले. आकडा तरीही आठ मीटरवरून वाचता येतो, आणि भरणीची फट ६/१८ दृष्टीला २३ ऐवजी ४८ से.मी. वरून दिसू लागते. ४ से.मी.च्या पट्टीत नावाचे अक्षर दीड से.मी.चे बसेल. ते दहा मीटरवरून वाचता येते.